मागच्या सीटवर कोण बसणार

चंपतरावांची शिकवणीची गाडी ऐन वैशाखात महाल भागातल्या गर्दीत बंद पडली, ती पडलीच. इंजिन गेलं होतं. भंगारात देण्याआधी त्यांनी नागसेन मिस्त्रीकडून डाव्या बाजूचा जास्तीचा क्लच-ब्रेक तेवढा काढून घेतला. शिकवणाऱ्याच्या पायाशी असतो तो.

"कशाले काढता भाऊ? भंगारवाला याचेही पैसे देऊन राहिला," नागसेन म्हणाला.

"दुसऱ्या गाडीले लावू."

"दुसरी गाडी? या वयात?"

"तू गाडीचं वय पाह्य. माह्यं नको पाहू."

चंपतराव वीस-बावीस वर्षं बायकांना गाडी शिकवत होते. म्हणजे ते आणि सुभद्रा मिळून. ते डावीकडे बसायचे, शिकणारी स्टेअरिंगवर आणि सुभद्रा मागे, मांडीवर लसणाची परडी घेऊन. लसूण सोलता सोलता ती म्हणायची, "घाबरू नको वं, हे ओरडले तर मी ओरडतो यांच्यावर." सुभद्रा मागे असायची म्हणून घराघरांतून सुना-मुली शिकायला येत. दिवाळीनंतर सुभद्रा गेली. तेव्हापासून फोन वाजणं कमी झालं, आणि आता गाडीही नव्हती.

दीड लाखाची एक जुनी पण धडधाकट गाडी त्यांनी पाहून ठेवली. हाताशी साठ हजार होते. बाकीच्या रकमेच्या कर्जासाठी ते फायनान्सवाल्याकडे गेले. तिथल्या केयूर नावाच्या तरुणाने वय विचारलं आणि पेन खाली ठेवलं.

"काका, कर्जाला जोडीदार लागेल. काकू सही करतील?"

"ती नाही आता."

"सॉरी. मग मुलगा? कसं आहे, उद्या तुम्हाला काही झालं तर..."

"मी मेलो तर गाडी कुठी पळून जाते का? दारात उभी राहीन. घेऊन जाजो."

केयूर हसला, पण मुलाच्या सहीशिवाय पुढे सरकेना. पुण्याहून स्वानंद फोनवर म्हणाला, "बाबा, सही दोन मिनिटांची आहे हो. पण आई नाही. मागे कोण बसणार? आणि मागे कोणी नसेल तर लोक तुमच्याकडे बायका पाठवणार आहेत का? इकडे या राहायला."

चंपतरावांनी फोन ठेवला. सहीचं पुन्हा विचारलं नाही.

त्याच आठवड्यात भिशी होती. गल्लीतल्या वीस जणींची, महिना पाच-पाच हजारांची, सुभद्राचाही त्यात नंबर. ती गेल्यावर भिशी चालवणाऱ्या यमुताईंनी निरोप धाडला होता, पैसे कोणाहाती पाठवले तरी चालेल. पण चंपतराव दर महिन्याला स्वतः जायचे, सतरंजीवर सुभद्राच्या जागी मांडी घालून बसायचे. बायकांना अवघडल्यासारखं व्हायचं. आधी सासवांबद्दल मोकळं बोलता यायचं, आता आवाज खाली घ्यावा लागे.

"चंपतभाऊ, तुम्ही असले की आम्हाले मनसोक्त चुगल्या करता येत नाही," यमुताई म्हणाल्याच एकदा.

"करा ना. सुभद्रा घरी येऊन सगळ्या सांगतच होती मले."

या भिशीचा एक नियम होता. ज्याला खरी नड आहे त्याने चिठ्ठी निघायच्या आधी बोलायचं. सगळ्या हो म्हणाल्या तर त्या महिन्याची रक्कम त्याची. एक जरी नाही म्हणाली तर चिठ्ठी निघायची.

या वेळी भिशी अरुंधतीबाईंच्या घरी होती. चिठ्ठ्यांचा डबा पुढे आला तसे चंपतराव म्हणाले, "या महिन्याची मले पायजे. गाडी घ्याची आहे. पुढचे हप्ते सुभद्राच्या नंबरावर भरतो, आतापर्यंत भरले तसेच."

एकेक जण हो म्हणत गेली. अरुंधतीबाईंनी मात्र पदर सावरला.

"पैशाचं नाही हो. पण मागे सुभद्रावहिनी असायच्या म्हणून आम्ही बायका पाठवत होतो. आता कोणाला तरी बसवा मागे. मग माझी हरकत नाही."

"माही मावसबहीण रिकामीच असते," यमुताई म्हणाल्या. "ते बसन."

"नाही." चंपतरावांचा आवाज चढला. "इतक्या वर्षांत कोण्या बाईले माह्या हाताचा त्रास झाला असन तर आत्ता, सगळ्यांसमोर सांगा. नसन झाला, तर माह्यावर पहारा काहून?"

कोपऱ्यात चिवड्याच्या बश्या भरत असलेली अरुंधतीबाईंची सून सोनिका मान वर न करता म्हणाली, "मी शिकते काकांकडे."

"तू चिवडा वाढ," अरुंधतीबाई म्हणाल्या. पण वीस घरांचे कान तिथे होते. त्यांनी चिठ्ठ्यांचा डबा बाजूला सारला. "घ्या पैसे. पण ही शिकेल तेव्हा मागे मी बसेन."

"गाडीतलं गाडीत पाहू," चंपतराव म्हणाले.

रोख पैसे देऊन त्यांनी गाडी घेतली. नागसेनने जुना क्लच-ब्रेक डावीकडे बसवून दिला. पहिल्या सकाळी सोनिका स्टेअरिंगवर बसली आणि मागचं दार उघडून अरुंधतीबाईही बसल्या.

चंपतरावांनी किल्ली काढून हातात घेतली.

"वहिनी, उतरा."

"का? सीट रिकामीच तर आहे."

"रिकामीच राहीन. भरोसा असन तर सुनेले पाठवा. नसन तर तिलेही घेऊन जा, मी काही म्हणत नाही. पण तुम्ही बसल्या आहे तोवर गाडी हालत नाही."

"मग शिकायला कोण येईल तुमच्याकडे?"

"कोणी नाही आलं तर मी एकटाच चालवीन. पेट्रोल माह्यं आहे."

गल्लीतल्या दोन बायका झाडू थांबवून बघत होत्या. अरुंधतीबाई हलल्या नाहीत. चंपतरावही हलले नाहीत. ऊन काचेवर आलं.

सोनिकाने आरशातून मागे पाहिलं. "आई, मले ऑफिसले उशीर होऊन राहिला. उतरा न."

अरुंधतीबाई उतरल्या. दार इतक्या जोरात आपटलं की काच हादरली.

"नवी गाडी आहे वहिनी," चंपतराव खिडकीतून म्हणाले. मग किल्ली लावली. "क्लच दाब, पोरी. पूर्ण दाब."

गाडीने दोन गचके खाल्ले, बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि रेशीमबागेकडे निघाली.