खालची ओळ

मी एक जुनी भाडेचिठ्ठी आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! कडा कुरतडल्या तरी माझ्यावर यवतमाळच्या कचेरीबाहेर बसणाऱ्या नानाजी अर्जनविसाचं मोत्यासारखं अक्षर आहे. साल १९५८.

माझ्यावर फुलचंद आणि उकंडानं सह्या केल्या. दोघं मास्तरकीचं शिकत होते. उकंडाच्या घरच्यांनी दोन वर्षांपूर्वी बौद्ध धर्म स्वीकारला होता. तो एकटा खोली मागायला गेला, की ती नेमकी कालच दिलेली असायची! फुलचंद तांड्यावरचा, बोलका. तो घरमालकीण विजयमालाबाईंना म्हणाला, "राहू तं दोघं, नाही तं मीबी नाही." बाई राजी झाल्या.

माझ्यात लिहिलं होतं, 'दरमहा दहा रुपये आम्ही दोघे मिळून देऊ. एकाने न दिल्यास दुसरा पूर्ण देईल.' पोरांनी 'दोघे मिळून' एवढंच वाचलं आणि पाच-पाच वाटून घेतले. खालची ओळ वाचतो कोण! एका चुलीवर भाकरी, एका कंदिलावर अभ्यास. काय ते दिवस होते!

दिवाळीला फुलचंद गावी गेला, तो आलाच नाही. वडील अंथरुणाला खिळल्याचा निरोप तेवढा आला. दोन महिने पाचच रुपये मिळाल्यावर बाईंनी मला उकंडापुढे धरलं.

"वाच खालची ओळ. सोमवारपर्यंत पुरे दे, नाही तं खोली खाली कर."

परीक्षा तोंडावर, दुसरी खोली देणार कोण? मला माझीच लाज वाटली. मग बाईच नरमल्या. "त्याचं नाव खोडते. दुसरा पोरगा आणू, तुले पाचच पडतीन."

उकंडानं माझ्यावर हात ठेवला. "नका खोडू, बाई. त्याच्या सहीनं मले खोली भेटली. आता माह्या सहीनं त्याची राहू द्या."

सोमवारी त्यानं आपली सायकल विकून थकलेलं भाडं भरलं. पुढे रोज सकाळी सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कापसाची ओझी वाहिली आणि पुरे दहा भरत राहिला.

परीक्षेआधी फुलचंद परतला. वडील गेले होते. दारातच अडखळून म्हणाला, "माहं नाव अजून हाय काय?"

बाईंनी मला त्याच्या हातात दिलं. त्यानं मला पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचलं, आणि पोरगा ढसाढसा रडला.

"म्हंजे माहे पाच तूच भरले? काहून रे?"

"दोघं मिळून लिवलं हाय ना," उकंडा म्हणाला.

मित्रांनो, सही करण्याआधी आम्हा कागदांना नीट वाचत जा. आणि कुणी तुमचं नाव असं राखलं, तर त्याचे पैसे लवकर फेडा. फुलचंदनं पहिल्या पगारातच सायकल आणून दिली.