चौथी ओळ

“पुढची स्लाइड नको. आधी हीच पुन्हा वाच,” मागच्या रांगेतून उठत काका म्हणाले.

तिने पडद्याकडे पाहिलं. ‘लिफ्टच्या माथ्यावर चढण्याआधी’ असं शीर्षक आणि खाली पाच ओळी, एक ते पाच क्रमाने. समोर चाळीस मेकॅनिक बसलेले. तिने पाचही ओळी पुन्हा मोठ्याने वाचल्या.

“झालं?”

“झालं.”

“मग मेला तो,” काका म्हणाले. “थांबवायचं बटण दाबलं. पण लिफ्ट खरंच थांबली का, हे कोण बघणार? तुझा संगणक?”

कुणीतरी फिसकन हसलं. तिचे कान तापले. ओळी सहा होत्या. तिनेच लिहिल्या होत्या. ‘बाहेरून बोलावून पाहा, लिफ्ट हलता कामा नये’ ही चौथी. ती पडद्यावर नव्हती, आणि आकड्यांत मात्र कुठे फट दिसत नव्हती.

बावीस वर्षं हा वर्ग काकांचा होता. ते तिचे सख्खे काका, वडिलांचे धाकटे भाऊ. तिला या कंपनीत चिकटवलं तेही त्यांनीच. दोन महिन्यांपूर्वी वर्ग तिच्याकडे आला, आणि काकांनी तिच्या घरची पायरी चढणं सोडलं. काकांच्या जुन्या स्लाइडमध्ये एक शब्द बदलायचा तर अख्खं पान नव्याने करावं लागे. तिने सगळा मजकूर साध्या फाइलींत उतरवला. दोन स्लाइडच्या मध्ये तीन आडव्या रेघा, प्रत्येक पायरीपुढे नुसता एकचा आकडा. संगणकाला एक आज्ञा दिली की स्लाइड तयार होऊन कंपनीच्या साइटवर चढत, आणि क्रमांक आपोआप पडत.

“माझ्याकडे ओळ उडाली तर तीननंतर थेट पाच यायचा. आंधळ्यालाही कळायचं,” काका वर्गाला ऐकवत होते. “हिच्याकडे चोरी झाली तरी घर टापटीप!”

आता सगळेच हसले.

वर्ग कसाबसा आटोपून तिने जागेवर येऊन फाइलमधल्या बदलांचा इतिहास उघडला. चौथी ओळ आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी काढलेली. नाव काकांचं. सोबत टीप: ‘बघू कुणाला कळतं.’

फाइली बदलायची परवानगी तिनेच त्यांना दिली होती, नावापुरती. ते कधी उघडतील असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिने काकांच्या नावावरचा सगळ्या फाइलींचा इतिहास छापायला दिला. एक पान येईल वाटलं होतं, तीन आली. मॅनेजरच्या दाराशी उभ्या उभ्या तिने ती वाचली. काकांचे आणखी एकोणीस बदल होते. बोल्टचं चुकलेलं माप, उलटा काढलेला बाण, दोराची झीज किती झाली की दोर बदलायचा तो आकडा. सगळे सकाळी सातच्या सुमाराचे आणि सगळे बरोबर. यातला एकही तिच्या लक्षात आला नव्हता.

मॅनेजरने पानं वाचून टेबलावर आपटली.

“हा सरळसरळ घात आहे. आजच घरी बसवतो त्यांना.”

‘बसवाच,’ हे तिच्या ओठांवर आलं होतं.

“जे केलं त्याची लेखी समज द्या,” ती म्हणाली. “आणि यापुढे त्यांनी तपासल्याशिवाय एकही स्लाइड वर चढायला नको.”

“डोकं फिरलंय का तुझं?”

“दोनदा वाचूनही मला ओळ गेलेली दिसली नाही, साहेब.”

तासाभराने समजेचा कागद मुठीत चुरगाळत काका तिच्या टेबलापाशी आले.

“तुझी मेहेरबानी नकोय मला.”

“मेहेरबानी कसली? तुमचं तोंडसुद्धा बघायची इच्छा नाही.” तिने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. “बारावी स्लाइड. उद्या वर्ग आहे.”

काकांनी कागद खिशात कोंबला. मग खुर्ची ओढून तिच्यापासून हातभर लांब बसले.

“‘घट्ट आवळा’ म्हणजे काय?” ते खेकसले. “किती घट्ट?”

तिने कीबोर्डवर बोटं ठेवली.

“सांगा.”