साडूनं शिकवलेली अरबी

बसा हो, तो स्टूल ओढा इकडं. अरबी शिकायच्या नादात माझं काय झालं ते सांगतो. आधी हसाल, मग नाही हसणार.

मी जळक्या मोटरी भरतो, म्हणजे आत नवी तार गुंडाळतो. केसाएवढी तार, एकेक वेढा मोजून. वीस वर्षांत डोळ्यांची वाट लागली. डॉक्टर म्हणाला, "आणखी दोन वर्षं हेच केलंत तर तार सोडा, बायकोही दिसायची नाही." म्हटलं, तेवढाच फायदा. ही शेजारीच बसली होती! घरी येईस्तोवर चार पावलं पुढंच चालली.

त्यात आमचा म्हातारा मुकादम सहा महिन्यांनी काम सोडणार होता. मालक अरबी, आखातातून येऊन इथं कारखाना काढलेले. त्यांनी सांगून टाकलं, जो माझ्याशी माझ्या भाषेत बोलेल तो मुकादम. मुकादमाला तार धरावी लागत नाही. झालं, मी हट्टाला पेटलो.

शिकवायला आमचा साडू. त्याच कारखान्यात फिटर, आधी आखातात अरबी लोकांत चार वर्षं काढलेला. म्हटलं, "तूच का नाही होत?"

"कशाला ती डोकेदुखी? तू हो, साडूभाऊ."

रोज जेवणाच्या सुट्टीत आम्ही वार्निशच्या डब्यांवर बसायचो. उजवीकडून लिहायचं, त्यामुळं लिहिलेलं माझ्याच हातानं पुसलं जायचं. एक अक्षर तर पार घशातलं. साडू म्हणायचा, "डॉक्टर जीभ दाबून 'आ' करायला लावतो ना, तिथून काढ." सहा महिन्यांत मी मालाच्या खोक्यांवरची अरबी वाचायला लागलो. तो पाठीवर थाप मारायचा. मला वाटलं, सख्खा भाऊ काय वेगळा असतो?

मालकांनी मुकादम निवडायला बोलावलं, त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या ड्रायव्हरकडून कळलं, मालकीणबाईंचं ऑपरेशन झालंय. आपण काय करतो? वहिनींची तब्येत विचारतो. साडूला म्हटलं, "विचारू ना?"

"विचार की. आपला माणूस वाटशील."

वाक्य त्यानंच बांधून दिलं. दहादा घोकून घेतलं. घशातलं अक्षर कच्चं राहिलं, तर अकराव्यांदा म्हणायला लावलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी स्वतःच्या हातानं कॉफी दिली. सलाम झाला, खुशाली झाली. मालक खूश! मग मी विचारलं, "तुमच्या बायकोची तब्येत कशी आहे?" अक्षर न अक्षर चोख.

त्यांचा पेला हवेतच थांबला. "अल्लाची कृपा," एवढंच म्हणाले आणि कागद बघत बसले. माझ्यानंतर साडू आत गेला. नको होती ना त्याला डोकेदुखी? दहा मिनिटं आतून हसण्याचा आवाज.

बाहेर ड्रायव्हरला सांगितलं, तर त्यानं कपाळावर हात मारला. "अहो, मालक जुन्या वळणाचे. परक्या पुरुषानं त्यांच्या बायकोचं नाव काढायचं नसतं. घरचे बरे आहेत ना, एवढंच विचारायचं. मी कामाला लागलो तेव्हा तुमच्या साडूनंच मला बजावलं होतं."

मी तडक साडूकडं गेलो. तो पाना पुसत होता. वर बघितलं नाही.

"चार वर्षं मी तिकडं घासली," म्हणाला, "आणि तू सहा महिन्यांत वाचायला लागलास. मग मी काय करायचं?"

"सरळ सांगायचंस की रे, मला पाहिजे म्हणून. मी मागं सरलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं. उपकार नको होते तुझे."

आता तो मुकादम आहे आणि मी तारेवर. हिला खरं सांगितलेलं नाही. तिची धाकटी बहीण आहे त्याच्या घरात, दोघींचं कशाला तोडायचं?

पण मला अरबी सोडायची नाही. मालकांना एकदा नीट सांगायचंय, की मी माणूस म्हणून विचारलं. गोची अशी, की तोंडात आहे ती सगळी अरबी त्याचीच. तिच्यात आणखी कुठं काय पेरून ठेवलंय, मला काय कळणार? तुमच्या ओळखीत कुणी अरबी माणूस असेल तर मला एकदा त्याच्यापुढं बसवा. नातेवाईक तेवढा नको.