टीव्हीवरची पट्टी

जितेंद्रने एरंडोलच्या घरी इंटरनेटवर चालणारा टीव्ही लावून दिला आणि पुण्याला परतताना बजावलं, "आई, आता केबल काढून टाक." बेबाबाईला पटलं. तिने केबलवाल्या प्रेमराजला वायर काढायला बोलावलं.

तो पक्कड घेऊन गच्चीवर चढला, तशी तिला दोन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट आठवली. तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि दळून आणलेलं उडदाचं पीठ तसंच पडलं होतं. प्रेमराजने कुणालाही न विचारता आपल्या गावापुरत्या चॅनलवर पट्टी फिरवली : 'उद्या बेबाबाईकडे पापड. लाटणं घेऊन या.' अकरा बायका आल्या. मेल्याने नंतर कधी तो विषयही काढला नाही.

"यंदा तुझ्या बायकोचे पापड झाले का रे?" तिने खालूनच विचारलं.

"कुठले, अक्का! दिपमालाला दिवस गेलेत. डॉक्टरांनी खाटेवरून उठू नको म्हणून सांगितलंय."

"मग ती वायर राहू दे अन् खाली ये आधी!" बेबाबाई खेकसली. "मी सांगते ते लिहून घे."

संध्याकाळी घरोघरी पट्टी फिरली, शेवट बेबाबाईच्या अहिराणी बोलीत : 'उद्या दिपमालाकडे पापड. लाटणं घेऊन या. पीठ बेबाबाईचं शे.'