आठ हात खोली

सुगंधा वाचता वाचता आवंढा गिळते, हे सत्यवतीने कधीचे हेरले होते. ओसरीवर बसून ती झावळीचे हीर सोलत होती आणि समोर सून नवऱ्याचे पत्र वाचत होती. वाचणाऱ्याने लिहिलेले तेवढे वाचावे. घोट गिळायचे ते पेज पिताना.

“‘एडनला एकट्या पुरुषाला कोणी घर भाड्याने देत नाही. खोली अजून मिळाली नाही. मिळाली की सुगंधाला बोलावून घेईन. तब्येतीस जपावे.’ झाला, आये.”

“झाला? इतक्यातच?”

“कामाचो माणूस. किती लिवतले?”

“वरीस झाला, गुणाजीक खोली गावना नाय. मगे निजता खंय, माडाखाली?”

“थंय माड नाय म्हणतत.”

सत्यवतीने पुढचा हीर ओढला. देवबागेहून मालवणच्या बाजारात तीस वर्षे मासळी विकलेली बाई ती. सुरमईचे वजन तिच्या तळहाताला कळायचे. सकाळी पोस्टमन भिकाजीने पाकीट तिच्याच हातात ठेवले होते, भरल्या कालवाच्या शिंपीसारखे फुगलेले. आता सुनेच्या हातातला कागद मात्र उपाशी कुरकुरत होता. मधले गेले कुठे?

आधी तिला मुलाचाच संशय आला. आगबोटीने गेलेल्यांचे दोन-दोन संसार तिने पाहिले होते. पण गुणाजीने तिकडे काहीही केले तरी इथले पाकीट त्याने रोडावत नाही. म्हणजे पाणी घरातच मुरत होते. आणि सुनेचे तरी काय सरळ होते? वर्षामागे तिने ओसरीच्या खांबापासून विहिरीपर्यंत काथ्याची दोरी ताणली. कपडे वाळत घालायला म्हणे. आजवर त्या दोरीवर एक लुगडे पडले नव्हते. विचारले की वारा फार आहे म्हणायची.

सुगंधा रापणीवर मासे आणायला गेली तशी सत्यवती उठली. भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेली. फणेरपेटी चाचपली. कुंकू, मेण, फणी, आणि फणीखाली दोऱ्याची गुंडी. मेण लावलेला दोरा.

तिची बोटे थबकली. तिचा नवरा काशीराम होड्या बांधायचा. त्यालाही अक्षर येत नव्हते. तो माप दोऱ्यावर घ्यायचा. लांबी संपली की एक गाठ, दार असेल तिथे दोन, खिडकीला फासा. गुणाजी ते त्याच्याकडूनच शिकला. वाचता येणाऱ्या बायकोला कोण कशाला दोरा पाठवील?

ती ओसरीवर येऊन बसली आणि कोपरापासून बोटापर्यंत दोरा मोजू लागली.

सुगंधा बांगडे भरलेली टोपली घेऊन आली ती दारातच उभी राहिली.

“आठ हात लांब, सात हात रुंद,” सत्यवती म्हणाली. “खिडकी पण आसा. मालक कसो आसा ता दोऱ्यात कळाक नाय. ता तू वाच.”

सुगंधाने टोपली खाली ठेवली. कमरेला खोचलेला दुसरा कागद काढला. या वेळी ती सरळ वाचत गेली.

“‘खोली मिळाली. मालक म्हणतो, बायको येणार असेल तरच देईन. दिवाळीपर्यंत कुलूप लावून ठेवतो, मग दुसऱ्याला देणार. दोरा आईच्या हातात द्यावा, म्हणजे तिला खोली...’”

“फुडे?”

“‘...दिसेल.’”

“कित्याक लपवलंस?”

“माका थंय करमाचा नाय.”

“परत आवंढो गिळलंस.”

सुगंधा मासे निवडू लागली. सत्यवतीने कळशी उचलली. मासे धुवायला पाणी लागणार होते. पायरी उतरताना तिचा हात सवयीने काथ्याच्या दोरीवर गेला. उंबराच्या मुळाशी, जिथे पाय अडखळतो, तिथे दोरीला एक गाठ होती. पुढे विहिरीच्या काठाशी दोन. डोळे गेल्यापासून वर्षभर रोज सकाळी तिने त्या गाठी मुकाट मोजल्या होत्या आणि कोणी बांधल्या ते विचारले नव्हते. हात लागून लागून काथ्या गुळगुळीत झाला होता.

दोन गाठींपाशी ती थांबली. पाठमोरीच राहिली.

“सुगंधा.”

“काय, आये?”

“तुका वाचूक येणा नाय. खोटा बोलूक तर त्याहून येणा नाय. आजच लिव तेका, दिवाळीच्या आदी येतंय म्हणान.” तिने कळशी विहिरीत सोडली. “आणि जाताना ही दोरी सोडून नेव नको. लुगडी वाळत घालूक लागता माका.”