राणीचा उजवा गाल

आमच्या आत्याने एकतीस वर्षं लोकांचे अंगठे पाहिले. सरकारी ठसे विभागात तिच्या टेबलावर डाव्या हाताला एक ठसा यायचा, उजव्या हाताला दुसरा, आणि मधे भिंग. दोन्ही एकाच माणसाचे की दोघांचे, एवढंच तिने सांगायचं. माणसं टेबलासमोर उभी राहून रडत, शपथा घेत, आणि ती म्हणायची, "अंगठा उठवा आणि बाहेर बसा." सहकारी तिला मागून अंगठेबहाद्दर म्हणत. कोण कोण म्हणतं, हे तिने ओळखून ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर नऊ वर्षं सगळं सुरळीत चाललं. यंदा मात्र तिच्या हातून दूध दोनदा करपलं. एकदा करपलं तर तो दुधाचा दोष असतो, दोनदा करपलं की वयाचा. तिसरी गोष्ट जास्त गंभीर होती. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करून गेलेला माणूस आणि पंधरा दिवसांनी विमा कंपनीकडून चौकशीला आलेला माणूस एकच आहे, असं ती म्हणाली. एकाला दाढी होती, दुसऱ्याला नव्हती. नावंही वेगळी. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या आतेभावाने, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, इंटरनेटवर वाचून काढलं की उगाच संशय येणं हे पहिलं लक्षण असतं. दादा एका कंपनीत लोकांना निर्णय कसे घ्यावेत हे शिकवतो. त्यामुळे त्याने निर्णय घेतला. आईने आपली दोन खोल्यांची जागा बंद करून त्याच्याकडे राहायला यावं आणि किल्ली त्याच्या ताब्यात द्यावी. तत्पूर्वी तिला बेटांची सहल घडवावी. निरोप देण्याआधी सत्कार करतात, तशी.

"सहलीत मी एकदा जरी काही चुकीचं ओळखलं, तर किल्ली देते," आत्या म्हणाली.

"आणि नाही चुकलीस तर?"

"तर हा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस."

दादाने मान्य केलं. पाच दिवस, पाच बेटं, म्हातारं माणूस. कुठेतरी पाय घसरणारच, असा त्याचा अंदाज. वहिनी साक्षीला होती, आणि बॅगा उचलायला मी.

सहलीचा दादाने तक्ता केला होता. नऊ ते अकरा समुद्रकिनारा, अकरा ते एक वन्यजीव, पाच ते सहा स्थानिक संस्कृती. समुद्राला त्याची प्रत मिळालेली नसावी, कारण पहिल्याच सकाळी नऊ वाजता ओहोटी होती आणि समुद्र भेटायला अर्धा किलोमीटर चालत जावं लागलं. पण एकदा भेटल्यावर मात्र, खोटं कशाला बोला, दादाही चार मिनिटं तक्ता विसरून उभा राहिला. पाणी इतकं स्वच्छ होतं की स्वतःच्या पायाची नखं कापायची राहिली आहेत हे कळत होतं. ओल्या वाळूवर बोटाएवढे खेकडे होते. आम्ही एक पाऊल टाकलं की शंभर दारं बंद व्हायची.

अकरा वाजता तळाला काच लावलेल्या होडीतून कासव पाहिलं. सवयीने ते होडीपासून हातभर अंतरावर वर आलं, नाकातून आवाज करत श्वास घेतला, आणि जेवणाच्या सुट्टीत आलेल्या माणसाकडे कारकून बघतो तसं आमच्याकडे बघून खाली गेलं.

"ही राणी," नावाडी म्हणाला. "आमच्या बेटाची. हिला बाहेरची हवा मानवत नाही."

मी फोटो काढला. फोटोत माझा अंगठा आला.

"बराच स्पष्ट आलाय," आत्या म्हणाली आणि फोन परत दिला.

संध्याकाळी पाच ते सहा स्थानिक संस्कृती झाली. लाल टोप्या घातलेले सहा जण ढोल वाजवत होते आणि कार्यक्रमानंतर त्याच टोप्या विकत होते. दुसऱ्या बेटावर टोप्या निळ्या होत्या. बेट वेगळं, परंपरा वेगळी, असं सहलवाल्याने माइकवरून सांगितलं.

"तो कडेचा ढोलवाला कालचाच आहे," आत्या म्हणाली.

"आई, कालच्याला मिशा होत्या."

"मिशा काढता येतात. डावा अंगठा कसा बाहेर काढून ठेवतो ते बघ."

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने निळ्या टोपीकडे पाहिलं. दादा अगदी हळू म्हणाला, "एक."

तिसऱ्या बेटाचा थाट मोठा होता. धक्क्यावर कासवाचा घराएवढा फलक होता आणि खाली लिहिलं होतं: महाराणी, आमच्या खाडीचा अभिमान. होडीत आमच्यासोबत आणखी दहा-बारा पर्यटक होते. महाराणी वर आली, श्वास घेतला, तोच तिरकस कटाक्ष टाकला.

"ही परवाचीच," आत्या म्हणाली.

नावाडी हसला. "आजी, मधे अडीच तासांचा समुद्र आहे."

"तुम्हाला अडीच तास. तिला काय, तिकीट थोडंच काढायचंय."

सगळी होडी हसली. एक गृहस्थ दादाकडे वाकून सहानुभूतीने म्हणाले, "वय काय यांचं?" दादाचे कान लाल झाले. होडीतून उतरताना त्याने आईचा हात धरला, आणि तो सोडायच्या आधी म्हणाला, "आई, पुरे झालं. घरी गेलो की किल्ली दे."

"तपासल्याशिवाय नाही."

"कासव कोण तपासणार?"

धक्क्यामागे कासव संशोधन केंद्र होतं. नाव मोठं, खोली एक. दोरीवर वाळत घातलेले पोहण्याचे कपडे, दमटपणाने फुगलेल्या फायली, ओढला की आधी वाळू सांडणारा टेबलाचा खण. संशोधक बाई पस्तिशीची होती आणि खाऱ्या पाण्याने तिचे केस झाडूसारखे ताठ झाले होते. आत्याने आपलं म्हणणं एका वाक्यात मांडलं. बाई हसली नाही.

"ओळखलंत कशावरून?"

"गालावरून. डोळ्यामागे जे तुकडे आहेत ना, त्यांच्यावरून."

"खवले. प्रत्येक कासवाचे वेगळे असतात. तुमच्या-आमच्या अंगठ्यासारखे."

आत्या खुर्चीत सरसावून बसली. नऊ वर्षांनी कोणीतरी तिच्या खात्याची भाषा बोलत होतं.

"पण आजी, तुमचं चुकतंय," बाई म्हणाली आणि दोन फायली काढल्या. "प्रत्येक बेटाचं रजिस्टर वेगळं आहे, पण माझ्याकडे सगळ्यांच्या प्रती आहेत. पहिल्या बेटाची तेवीस कासवं मी गेल्या वर्षी आमच्या कासवांशी ताडून पाहिली. एकही जुळलं नाही. हा राणीचा डावा गाल, हा महाराणीचा डावा गाल. बघा."

फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावर मलासुद्धा दिसलं. एकीच्या डोळ्यामागचे खवले एका रांगेत उतरत होते, दुसरीचे घोळक्याने बसले होते. दादाने सुटकेचा श्वास सोडला, आणि लगेच तो सुटकेचा वाटू नये म्हणून खोकला.

"झालं समाधान?"

आत्याने पर्समधून भिंग काढलं. दादाच्या माहितीप्रमाणे ते तिने निवृत्तीच्या दिवशी खात्यात परत केलं होतं. ती राणीच्या फोटोवर वाकली. पंखा फिरत होता. वहिनीने मला खुणेनं विचारलं, किती वेळ? मी खांदे उडवले. चांगली पाच मिनिटं गेली.

"आई, चल. बाईंना कामं आहेत."

"कासवाच्या मागे होडी आहे," आत्या म्हणाली. "तिच्यावरचा नंबर वाच."

दादाने डोळे बारीक केले. "सदतीस… नाही. हे नीट दिसत नाहीये."

"नीट दिसतंय. उलटं आहे. फोटो आरशातला आहे, म्हणजे डावा म्हणून चिकटवलेला हा गाल उजवा आहे. डाव्याची उजव्याशी जुळणी कुठल्याही खात्यात करत नाहीत." तिने हात पुढे केला. "सूनबाई, तुमचा आरसा द्या."

वहिनीने पर्समधला पावडरचा आरसा इतक्या चपळाईने काढला की ती बराच वेळ कोणाच्या बाजूने होती हे मला तेव्हा कळलं. आत्याने फोटोजवळ आरसा धरला, दुसऱ्या हाताने महाराणीच्या उजव्या गालाचा फोटो सरकवला, आणि पेन्सिलीच्या टोकाने मोजू लागली.

"डोळ्यामागे पाच. तिसरा फुटून दोन झालेला. इकडे पाच, तिसरा फुटलेला. खाली त्रिकोणी, त्याला टेकून लांबट. त्रिकोणी, लांबट. एकच आहे."

बाईने आरसा आपल्या हातात घेतला. मग खुर्ची ओढून बसली. मग तिने पहिल्या बेटावर कासवांचे फोटो काढणाऱ्या रखवालदाराला फोन लावला, आणि आम्हाला एकाच बाजूचं संभाषण ऐकू आलं. "फोटो कशावर काढता? स्वतःच्या फोनवर. पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्याने का? अच्छा, म्हणजे स्वतःचा चेहराही येतो का ते बघायला." तिने फोन ठेवला. "तेवीसच्या तेवीस उलटे आहेत."

"म्हणून जुळले नाहीत," आत्या म्हणाली. "चहा मिळेल का?"

चौथ्या बेटाचा किनारा, वन्यजीव आणि संस्कृती आम्ही पाहिली नाही. दादाने तक्ता दाखवून पाहिला. आत्या म्हणाली, "तुम्ही जा, मी इथे आहे," आणि मान वर केली नाही. आम्ही कोणीच गेलो नाही. दीड दिवस ती त्या दमट खोलीत बसली होती. वहिनी आरसा धरत होती, मी फायली काढत होतो, दादा चहा आणत होता. निर्णय कसे घ्यावेत हे शिकवणाऱ्या माणसाला साखर किती एवढंच विचारायचं काम होतं, आणि तेही तो दोनदा विसरला. आत्याने फक्त भिंगाच्या वरून पाहिलं.

तेवीसपैकी चौदा कासवं दुसऱ्या बेटांवर दुसऱ्या नावांनी नांदत असलेली सापडली. सगळ्या बेटांची मिळून एकसष्ट कासवं होती, त्यांची सत्तेचाळीस झाली. पर्यटनवाल्यांना हे कळल्यावर काय वाटेल ते वाटो, संशोधक बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चार वर्षं मी सांगतेय की ही कासवं बेटांमधून ये-जा करतात. नुसते किनारे राखून भागणार नाही, मधला समुद्र राखा. वरचे अधिकारी म्हणायचे, पुरावा आणा." तिने नवीन रजिस्टर उघडलं. पहिल्या ओळीत राणी आणि महाराणी एकाच नोंदीत लिहिल्या आणि शेवटचा रकाना आत्याकडे वळवला. ओळख कोणी पटवली. "इथे सही करा."

"शाईचा पॅड आहे का?"

"आई, सही कर ना," दादा म्हणाला.

"सही कोणीही कोणाची करतं." आत्याने डावा अंगठा शाईवर टेकवला, कागदावर एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत शांतपणे फिरवला आणि उचलला. मग भिंगातून तपासला. "बरा आलाय."

पाचव्या बेटावर टोप्या हिरव्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर कडेचा ढोलवाला थेट आत्याकडे आला. आज त्याला गालमिशा होत्या.

"आजी, तुम्ही माझ्याकडेच बघत असता. ओळखलंत ना?"

"दुसऱ्या दिवशीच."

"काय करणार, माणसं कमी आणि बेटं पाच. सकाळच्या बोटीनं आम्ही तुमच्या पुढे जातो. सहलवाल्यांना बोलू नका."

"नाही बोलत. पण पहिल्या दिवशीच्या मिशा जास्त शोभत होत्या."

दादा शेजारीच उभा होता. त्याने न मागता एक हिरवी टोपी विकत घेतली आणि तिथेच डोक्यावर घातली.

घरी परतलो तेव्हा दुपार होती. दादाने आईची बॅग स्वतः दोन जिने चढवली. आत्याने दार उघडलं, आत जाऊन खिडक्या उघडल्या. दादा उंबऱ्याबाहेरच थांबला होता.

"आई, तो फिल्टरवाला आणि तो विमेवाला…"

"एकच. आत ये."

तो आत आला. आत्या शेगडीपाशी उभी होती. "इथे एक वाजणारं घड्याळ लावून दे मला. दूध मी विसरते, ते खरं आहे." मग तिने खणातून एक किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. दादा किल्लीकडे बघत राहिला.

"ही दुसरी," आत्या म्हणाली. "असू दे तुझ्याकडे. येताना फोन करून येत जा."