धुलाईखान्यातली तिसरी

मावशीला चालायची हौस होती, खुनांची नव्हती. पण सुट्टीच्या सकाळी भाची म्हणाली, "जुन्या शहराची फेरी आहे, दोन तास चालायचं, चल," आणि मावशी पायात चपला सरकवून निघाली. भाची दातांच्या कवळ्या बनवायची. तान्ही असताना आईबाप बसच्या अपघातात गेले, असं तिला ठाऊक होतं. तिला वाढवलं या मावशीनेच, दुसऱ्यांचे कपडे उसवून-शिवून.

फेरी कसली आहे ते पहिल्याच थांब्यावर कळलं. लाल मफलर गुंडाळलेला वाटाड्या एका बंद पेढीसमोर थांबला. "इथे पहारेकऱ्याचा गळा चिरला," तो म्हणाला, "रक्त या पायरीवरून थेट गटारापर्यंत गेलं." मंडळींनी पायरीचे फोटो काढले.

"हे काय गं?" मावशीने विचारलं.

"खुनांची फेरी! पेपरात तू आधी त्याच बातम्या वाचतेस की."

दुसऱ्या थांब्यावर एका सुताराने भागीदाराला करवतीने कापलं होतं. तिथून वाटाड्या डावीकडच्या बोळात वळला आणि मावशी जागीच थांबली. दुकान आता दिव्यांचं होतं, पण वरचं विटांचं धुराडं तेच होतं.

"चल, घरी जाऊ."

"आत्ता कुठे रंग भरतोय, मावशी!"

वाटाड्याने आवाज खाली आणला. "एकतीस वर्षांपूर्वी इथे धुलाईखाना होता. मालक देवमाणूस, बायको मात्र बाहेरख्याली. एका दुपारी तो बाकावर डुलकी घेत होता. तिने जड इस्त्री उचलली आणि घातली त्याच्या डोक्यात. मरता मरता त्याने तिला ढकललं, ती पडली उकळत्या टाकीत. दोघंही खलास! बायको कोण होणार?"

भाची हसत पुढे झाली. एक जाडजूड गृहस्थ नवरा होऊन दुकानाच्या पायरीवर आडवे झाले. वाटाड्याने भाचीच्या हातात पुठ्ठ्याची इस्त्री दिली. तिने ती उगारली. तेच कपाळ, तीच हनुवटी. मावशीच्या तोंडून शब्द निसटले.

"तिने नाही मारलं."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"तो झोपलेला नव्हता. चादरीवरचा एक डाग निघाला नाही, म्हणून त्याने माझ्या ताईचे केस धरले आणि तिचं तोंड टाकीत दाबलं. पाण्याला उकळी फुटली होती. ती हात आपटत होती, पत्र्याचा आवाज येत होता. मी मागच्या खोलीतून धावत आले तेव्हा आवाज थांबला होता. त्याने तिला वर काढलं तर चेहरा... चेहरा राहिलाच नव्हता. मग त्याने तिला तशीच आत ढकलून दिली, कापडाचा बोळा टाकावा तशी. तो वळायच्या आत मी इस्त्री घातली. कवटी फुटल्याचं हाताला कळतं. इथपर्यंत कळतं." तिने कोपराला हात लावला.

मग पायरीवरचे गृहस्थ उठून बसले आणि टाळ्या वाजवू लागले. बाकीच्यांनीही वाजवल्या. "बाई या फेरीचीच नटी दिसते," कुणीतरी म्हणालं, "काय काम केलंय!"

दोघांनी मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. वाटाड्या मफलर चाचपत उभा होता. आणि भाची, जिच्या मावशीला एकच ताई होती, हातातल्या पुठ्ठ्याकडे बघत होती.

बोळाच्या तोंडाशी तिने मावशीला गाठलं.

"मी कुठे होते?"

"टोपलीत. धुतलेल्या कपड्यांवर. जागी होतीस, पण रडली नाहीस. तुला उचललं आणि मागच्या दाराने पळाले. पोलिसांना दोनच माणसं सापडली. मग त्यांनीच गोष्ट जुळवली."

"किती घाव घातलेस?"

"तीन. पहिल्यालाच तो पडला."

"मग दुसरा?"

"हलला म्हणून."

"आणि तिसरा?"

मावशीने कोपर दाबून धरलं. मग म्हणाली, "तो घाव मला घालायचाच होता."

रस्ता ओलांडून भाची एकटीच निघून गेली.

पुढच्या सुट्टीपासून वाटाड्याने तो बोळ वगळला. मावशी रोज दाराची चाहूल घेत राहिली. पोलीस आले असते तर ती निमूट गेली असती. कपडे आवरून पिशवीही भरून ठेवली होती. पोलीस आले नाहीत, भाचीही आली नाही. नवव्या दिवशी आली. डोळे सुजलेले. शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर बसली.

"बसचं खोटं सांगितलंस त्याबद्दल मी भांडणार आहे," ती म्हणाली. "पण आज नाही. आज मला आईचा चेहरा सांग. आधीचा."

मावशीने मशीनच्या पायट्यावरून पाय काढला. "डाव्या भुवईत तिला खोक होती," ती म्हणाली, "लहानपणी मीच ढकललं होतं."

आणि भाची, मन नको नको म्हणत असतानाही, हसली.